लेखणीनं गोळी झाडली का? रौलट अहवालाचं पहिलं प्रकरण वाचताना

पेट झाली, गाईड ठरले, आता सिनॉप्सिस लिहायचा. या टप्प्यावर राज्यशास्त्र, इतिहास आणि पत्रकारितेच्या मुलांकडून एक शीर्षक हमखास येतं: ‘प्रक्षोभक राजकीय भाषणांचा हिंसाचारावरील परिणाम : एक चिकित्सक अभ्यास’. विषय चांगला आहे. अडचण एवढीच की उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं. नावडत्या नेत्याच्या सभेनंतर दगडफेक झाली तर ‘त्यानंच पेटवलं’. आवडत्या नेत्याच्या सभेनंतर झाली तर ‘लोकांचा उत्स्फूर्त संताप’. नेता बदलला की कार्यकारणभावच बदलतो, आणि हे आपल्याला खटकतही नाही.

म्हणून माझी सूचना अशी की आजच्या नेत्यांकडे जाण्याआधी शंभर वर्षांपूर्वीचा एक मजकूर वाचा. त्यातली माणसं गेली, पक्ष गेले, त्यामुळे रक्त जरा थंड ठेवून वाचता येतं. शिवाय त्याची गोष्ट आपल्याच जिल्ह्यात येऊन थांबते. मी १९१८ च्या सेडिशन कमिटीच्या अहवालाबद्दल बोलतोय. आपण त्याला रौलट अहवाल म्हणतो. शाळेत रौलट कायदा पाठ केलेला असतो, ‘ना अपील, ना वकील, ना दलील’ हेही आठवतं. पण तो कायदा ज्या अहवालावर उभा राहिला तो उघडून बघितलेला माणूस मला फार क्वचित भेटलाय. एमए इतिहास झालेल्यांतसुद्धा.

थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९१७ मध्ये सरकारनं ही समिती नेमली. अध्यक्ष इंग्लंडच्या किंग्ज बेंचचे न्यायाधीश सिडनी रौलट. सदस्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट, मद्रासचे न्यायमूर्ती कुमारस्वामी शास्त्री, संयुक्त प्रांताचे एक वरिष्ठ अधिकारी आणि बंगालचे एक वकील. कामकाज बंद दाराआड झालं आणि पुढ्यात आलेली कागदपत्रं मुख्यतः सरकारांनी पुरवलेली. एप्रिल १९१८ मध्ये अहवाल सादर. सुरुवात बंगालपासून होईल असं आपल्याला वाटतं, कारण बॉम्ब तिकडे जास्त फुटले. पण पहिलं प्रकरण मुंबई इलाख्याचं आहे, म्हणजे पुणे आणि नाशिकचं.

प्रकरणाची मांडणी साधारण अशी. पश्चिम भारतात क्रांतिकारी चळवळीची पहिली चिन्हं गणपती आणि शिवाजी या दोन उत्सवांत दिसली. मेळे निघाले, पद्यं म्हटली गेली. मग १८९७ चा प्लेग, रँड, सोजिरांकडून घरांची झडती. १५ जूनच्या ‘केसरी’त शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तांत, अफझलखानाच्या वधाचं समर्थन करणारं भाषण आणि ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या. पुढे ‘काळ’ पत्र, लंडनचं इंडिया हाऊस, सावरकर बंधू, १ जुलै १९०९ ला लंडनमध्ये कर्झन वायलीचा खून, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये कलेक्टर जॅक्सनचा खून. त्या रात्री ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि बदली होऊन निघालेल्या जॅक्सनचा तो निरोपाचा कार्यक्रम होता. गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे हा औरंगाबादहून आलेला कोवळा विद्यार्थी.

वाचताना सगळं एकात एक गुंफल्यासारखं वाटतं. उत्सव, लेख, खून. पुन्हा लेख, कविता, खून. भाषा शांत, न्यायाधीशी थाटाची, आरडाओरड कुठेच नाही. म्हणूनच ती पटते. आणि म्हणूनच मला हे प्रकरण शिकवण्यासाठी फार उपयोगी वाटतं, कारण चांगल्या इंग्रजीत लिहिलेली कच्ची संशोधनपद्धती कशी दिसते त्याचा हा उत्तम नमुना आहे.

पहिला प्रश्न विचारा: छेदात काय आहे? अपूर्णांकात वरचा आकडा अहवाल देतो: अमुक खून, अमुक कट, अमुक आरोपी. खालचा आकडा गायब आहे. ‘केसरी’ हजारो लोक विकत घेत होते आणि एकेक अंक अनेकजण ऐकत होते, कारण वाचता येणारा एक आणि भोवती दहा असा तो काळ. गणपतीचे मेळे गावोगाव झाले. त्या सगळ्या वाचणाऱ्या-ऐकणाऱ्यांतून पिस्तूल किती जणांनी उचललं? मोजून काही जणांनी. ज्या गावात ‘केसरी’ गेला आणि काहीच घडलं नाही, अशी गावं अहवालात येतच नाहीत. नाशिक आहे, पण दिंडोरी नाही, चांदवड नाही, आपली वणी नाही. तिथे अंक येत होता का, चावडीवर कोण वाचून दाखवायचं, आणि ते ऐकून लोक घरी जाऊन काय करायचे? समितीला याची गरजच वाटली नाही. तिनं फक्त खून झालेल्या जागा निवडल्या आणि तिथून मागे चालत गेली. मागे चालत गेलं की प्रत्येक खुन्याच्या घरात काही ना काही छापील सापडतंच. न खून केलेल्यांच्या घरातही तेच सापडलं असतं, पण तिथे झडती कोण घेणार?

आता इथे थांबू नका. कारण वर्गात हा मुद्दा सांगितला की मुलं लगेच खुश होतात आणि म्हणतात, ‘म्हणजे लेखांचा काही संबंध नव्हता!’ ही दुसरी चूक, आणि पहिल्याइतकीच मोठी. बहुतेक तंबाखू खाणाऱ्यांना तोंडाचा कॅन्सर होत नाही. म्हणून तंबाखू निर्दोष ठरते का? हजारांत एखाद्यालाच ढकलणारी गोष्टसुद्धा कारण असू शकते. ‘हजारोंनी वाचलं आणि तिघांनी मारलं’ एवढ्यावरून लेखांचा परिणाम शून्य होता असं सिद्ध होत नाही, फक्त समितीनं तो सिद्ध केला नाही एवढंच कळतं. या दोन वाक्यांतला फरक तुम्हाला व्हायवाला विचारला जाईल, तेव्हा आत्ताच पक्का करून ठेवा.

दुसरी गोष्ट तारखांची. १५ जून आणि २२ जून, मध्ये एक आठवडा. इतक्या जवळच्या तारखा शेजारी ठेवल्या की डोकं आपोआप बाण काढतं. पण चापेकर बंधूंचं आधीचं वागणं बघा. त्यांची तालीम आणि मंडळ आधीपासून होतं. १८९६ मध्येच त्यांनी मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. रँडच्या प्लेगच्या कारवाया मार्चपासून चालू होत्या आणि पुण्यात घराघरात त्यांचा संताप होता. म्हणजे माणसं तयार होती, राग तयार होता, आणि २२ जून हा दिवस राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या समारंभामुळे ठरला. त्या रात्री गव्हर्नमेंट हाऊसमधून गाड्या कोणत्या रस्त्यानं परतणार हे कुणालाही कळण्यासारखं होतं. १५ जूनचा अंक छापलाच नसता तर? मला वाटतं खून तरीही झाला असता. हे ‘वाटतं’ आहे, पुरावा नाही. पण ‘लेख नसता तर काय झालं असतं’ हा प्रश्न निदान विचारायला हवा होता, आणि समितीनं तो विचारल्याची खूण प्रकरणात दिसत नाही.

गंमत म्हणजे १८९७ चा खटला या बाबतीत अहवालापेक्षा जास्त सावध होता. टिळकांवर खुनाच्या चिथावणीचा आरोप ठेवलाच नव्हता. आरोप कलम १२४-अ चा, म्हणजे राजद्रोहाचा. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्युरीला समजावला, आणि नऊपैकी सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन भारतीय निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी. म्हणजे कायद्यानं खुनाशी दुवा जोडायचं टाळलं आणि शिक्षा मात्र त्या खुनाच्या वातावरणात दिली. पुढे २१ वर्षांनी समितीनं तो न जोडलेला दुवा गोष्टीच्या ओघात जोडून टाकला. कोर्टात जे सिद्ध करायला लागलं नाही ते अहवालात गृहीत धरलं गेलं. तुमच्या प्रबंधात ‘पूर्वसाहित्याचा आढावा’ लिहिताना असंच होतं बरं का: एका लेखकानं शक्यता म्हणून लिहिलेलं दुसरा ‘सिद्ध झाले आहे’ म्हणून उद्धृत करतो.

आता नाशिक. माझ्या मते प्रकरणाचा सगळ्यात कच्चा आणि तरीही सगळ्यात रसाळ भाग हाच आहे.

जून १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कशासाठी? ‘लघु अभिनव भारत माला’ या नावानं छापलेल्या कवितांसाठी. कवितांसाठी जन्मठेप! त्यांना खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे पाठवणारे कलेक्टर जॅक्सन होते. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार, लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणायचे, आणि रँडसारखी त्यांची ख्याती मुळीच नव्हती. सहा महिन्यांनी त्यांचा खून झाला, आणि बाबारावांच्या शिक्षेचा सूड हे त्यातलं एक कारण म्हणून सर्वमान्य आहे.

हा क्रम पुन्हा वाचा. कविता, मग कवितेला शिक्षा, मग शिक्षा देणाऱ्या यंत्रणेतल्या अधिकाऱ्याचा खून. इथे हिंसेचं कारण काय, कविता की शिक्षा? समिती हा सगळा पुरावा स्वतःच देते आणि तो कवितेच्या खात्यावर टाकते. तितक्याच सहज तो शिक्षेच्या खात्यावर टाकता आला असता. दोन्ही गोष्टी एकाच साखळीत असल्या की मधली कडी उचलून बाजूला ठेवायची आणि पहिल्या कडीला दोष द्यायचा, हे सोयीचं असतं. विशेषतः मधली कडी जर तुमच्या मालकाची असेल तर.

मग पिस्तूल. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं इंडिया हाऊसच्या चतुर्भुज अमीन नावाच्या स्वयंपाक्यानं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईला आणली आणि त्यांतलंच एक विजयानंद थिएटरात वापरलं गेलं. कान्हेरे एकटा नव्हता. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे नाशिकचे दोघे त्याच्यासोबत १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यामागे गुप्त मंडळ होतं, शपथा होत्या, हत्यारं लपवण्याच्या जागा होत्या. मित्रमेळा आणि त्यातून १९०४ मध्ये उभी राहिलेली अभिनव भारत ही काही वाचकांची संघटना नव्हे. एखादा मुलगा लेख वाचून पेटला, असं मानलं तरी त्या पेटलेल्या मुलाच्या हातात ब्राउनिंग आपोआप येत नाही. कुणीतरी त्याला हेरतं, पारखतं, हत्यार देतं, दिवस सांगतं. लेखापासून गोळीपर्यंतचा हा मधला रस्ता अहवालात भरपूर तपशिलानं आहे, आणि निष्कर्ष काढताना मात्र लेखाचा आवाज मोठा होतो.

कान्हेऱ्यानं पकडल्यावर जे सांगितलं त्यात वर्तमानपत्रांतल्या जुलमाच्या हकिगती वाचल्याचा उल्लेख आहे. याला पुरावा म्हणून किती किंमत द्यायची? शून्य नको, पण पूर्ण नको. माणूस स्वतःच्या कृत्याचं कारण सांगतो ते त्याला सुचलेलं, त्याला शोभणारं आणि समोरच्याला हवं असलेलं कारण असतं. कोठडीत तर जास्तच. एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला मित्रांची नावं सांगण्यापेक्षा वर्तमानपत्राचं नाव सांगणं किती सोपं! मुलाखत-पद्धती वापरणाऱ्यांनी हा प्रसंग वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

प्रकरणाच्या शेवटाकडे समिती म्हणते की हे कट ब्राह्मणांचे, त्यातही बहुतांशी चित्पावनांचे होते. आरोपींच्या यादीपुरतं ते खरं आहे. पण पुन्हा तोच छेद हरवलेला. कटात असलेले बहुतेक चित्पावन होते, यावरून चित्पावन बहुतेक कटात होते असं होत नाही. वाक्य उलटवलं की अर्थ पार बदलतो. एवढ्या साध्या उलटसुलटीची किंमत काय असते? ३० जानेवारी १९४८ नंतर महाराष्ट्रात जी घरं जळली, त्या घरांतल्या माणसांचा गांधीजींच्या खुनाशी एवढाच संबंध होता की खुन्याची आणि त्यांची जात एक होती. रौलट समितीमुळे ते झालं असं मी म्हणत नाही (तसं म्हटलं तर मी पण तेच करीन!). तर्काची जात एक आहे, एवढंच.

बरं, समितीच्या दाव्याला तपासणारी एक नैसर्गिक परीक्षा इतिहासानं करून ठेवली होती. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर १९०८ मध्ये सरकारनं वर्तमानपत्रांविरुद्ध नवा कायदा केला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे तुरुंगात गेले. २२ जुलैला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. सगळ्यात तिखट दोन आवाज बंद. लेखणी हेच मुख्य कारण असेल तर पुढे हिंसा कमी व्हायला हवी. पण वायलीचा खून त्यानंतर वर्षानं आणि जॅक्सनचा सतरा महिन्यांनी झाला. मग सरळ म्हणायचं का, की तोंड दाबल्यामुळेच हिंसा वाढली? नाही म्हणता येत. आधीच्या लेखांचा परिणाम उशिरा दिसला असेल, लंडनहून येणारी पत्रकं वेगळीच चालू होती, ‘केसरी’ही बंद पडला नव्हता. ‘त्यानंतर, म्हणून त्यामुळे’ ही चूक समितीनं केली तर चूक, आणि आपल्या बाजूनं आपण केली तर निष्कर्ष, असं चालणार नाही.

टिळकांच्या बाजूलाही हेच लावा. १२ मे १९०८ चा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन अग्रलेख याच प्रश्नावर आहेत, आणि त्यांच्यासाठीच त्यांना शिक्षा झाली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: बॉम्बचं मूळ वर्तमानपत्रांत शोधू नका, ते सरकारच्या हेकेखोर, दडपणाऱ्या कारभारात आहे. मराठीत ‘हिंसेचं कारण काय’ यावर इतकं धारदार लिखाण फार थोडं आहे, आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनीसुद्धा ते वाचायला हवं. पण पद्धत म्हणून? दडपशाही तर इलाखाभर होती, बॉम्ब काही मोजक्याच ठिकाणी. टिळकांच्या मांडणीतही तुलना नाही, छेद नाही. समितीनं एका कारणाला धरलं, टिळकांनी दुसऱ्या. टिळक संपादक होते आणि आरोपी होणार होते, त्यांच्याकडून तटस्थ विश्लेषणाची अपेक्षा ठेवणं अन्यायच. न्यायाधीशांच्या समितीकडून ठेवता येते. त्यातून पुढे आलेल्या मार्च १९१९ च्या कायद्यानं ज्युरीशिवाय खटले आणि खटल्याशिवाय कैद आणली, आणि त्याच्या विरोधाच्या लाटेतच एप्रिलमध्ये जालियनवाला बाग झालं. कच्च्या कार्यकारणभावाची ही किंमत.

मग ही गोष्ट नीट अभ्यासता येते का? येते, पण कष्ट आहेत. रवांडाचं उदाहरण घ्या. १९९४ च्या नरसंहारात आरटीएलएम नावाचं रेडिओ स्टेशन तुत्सींविरुद्ध उघड आग ओकत होतं. डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या अर्थशास्त्रज्ञानं एक शक्कल लढवली. वणीकरांना हे समजवायला नकोच: गडाच्या या बाजूला मोबाईलला रेंज असते आणि घाटात एका वळणावर ती जाते. डोंगर मध्ये आला की लहरी अडतात. रवांडा तर हजार टेकड्यांचा देश. त्यामुळे बाकी सगळ्या बाबतीत सारखी असलेली दोन गावं, एकात रेडिओ लागतो, दुसऱ्यात टेकडीमुळे लागत नाही. टेकडी काही भाषण ऐकून तिथे येऊन बसलेली नाही. अशा गावांची तुलना करून २०१४ मध्ये त्यानं दाखवलं की एकूण सहभागापैकी साधारण दहा टक्के सहभाग रेडिओच्या खात्यावर जातो. दहा टक्के म्हणजे हजारो माणसं, कमी नाही. पण उरलेले नव्वद टक्के? स्कॉट स्ट्रॉस यांनी तुरुंगातल्या गुन्हेगारांशी बोलून आधीच सांगितलं होतं की बहुतेकांना घराबाहेर काढलं ते रेडिओनं नव्हे, शेजाऱ्यांच्या आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या समोरासमोरच्या दबावानं. दोन्ही अभ्यास एकमेकांविरुद्ध वाचले जातात. मला ते एकमेकांना पुरे करणारे वाटतात: रेडिओ ढकलतो, पण दार ठोठावणारा माणूस गल्लीतलाच असतो.

हे डोक्यात ठेवून आपल्याकडचा दुसरा अहवाल उघडा, न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा. मुंबईच्या डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींवर. जानेवारी १९९३ मध्ये नेमला, १९९६ मध्ये युती सरकारनं गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा सुरू केला, फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला. मृत ९००: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले.

संशोधनाच्या दृष्टीनं हा रौलटपेक्षा कितीतरी वरचा मजकूर आहे, आणि कारण राजकीय नाही. पहिलं म्हणजे आयोग दोन टप्प्यांना एकच कारण चिकटवत नाही. डिसेंबरमधल्या हिंसेची सुरुवात बाबरी पडल्यावर संतापलेल्या, नेतृत्वहीन मुस्लिम जमावांकडून झाली असं तो म्हणतो, आणि जानेवारीचं, विशेषतः ८ तारखेपासूनचं, स्पष्टीकरण वेगळं देतो: तिथे शिवसेनेनं शाखाप्रमुखांपासून बाळ ठाकऱ्यांपर्यंतच्या नेत्यांच्या मार्गदर्शनाखाली हल्ले संघटित करण्यात पुढाकार घेतला. दुसरं, तो पोलीस ठाण्यागणिक जातो, त्यामुळे एकाच शहरातल्या वेगवेगळ्या भागांची तुलना करण्याचा कच्चा माल वाचकाच्या हाती येतो. ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’ यांनी माथाडी कामगारांचे खून आणि जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीची घटना कशी भडक करून मांडली याची नोंद आहे, पण ती एकटी नाही. तिच्या शेजारी शाखांचं जाळं आहे, महाआरत्या आहेत, आणि हात बांधून उभे राहिलेले किंवा सामील झालेले पोलीस आहेत, त्यांतले ३१ जण नावानिशी. शब्द, संघटना आणि शिक्षेची भीती नसणं, या तिघांना आयोग एकत्र ठेवतो.

तरीही एक भोक राहतंच, आणि तुमच्या प्रबंधाला जागा असेल तर ती इथे आहे. जिथे लेख पोचत होते तिथे शाखाही होती. शाखा नसताना नुसत्या लेखानं काय केलं असतं, किंवा लेख नसताना शाखेनं काय केलं असतं, हे आयोगाच्या साहित्यातून वेगळं करता येत नाही. चौकशी आयोगाचं ते कामही नव्हतं. त्याला जबाबदारी ठरवायची होती, प्रमाण नाही.

आणि जबाबदारीचं पुढे काय झालं? ‘सामना’च्या अग्रलेखांवर कारवाई करा, ही याचिका १९९४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फेटाळली. लेख सगळे मिळून वाचले तर रोख सर्व मुसलमानांवर नाही, देशविरोधी मुसलमानांवर आहे, असा निकालाचा सूर. २००० मध्ये ठाकऱ्यांना अटक झाली तेव्हा मुदत उलटून गेली म्हणून त्याच दिवशी प्रकरण संपलं. १८९७ मध्ये प्रीतीचा अभाव पुरला होता. मला यात सरळ सरळ दिसतं ते असं की ‘शब्दामुळे हिंसा झाली का’ या प्रश्नाचं उत्तर पुराव्याच्या बळावर कमी आणि बोलणारा सत्तेच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर जास्त ठरलं. दुबळा पुरावा होता तिथे बेड्या पडल्या, भक्कम होता तिथे तारखा. हे माझं मत आहे, आणि त्याच्याविरुद्ध तुमच्याकडे उदाहरणं असतील तर हवीच आहेत. एक मीच देतो: शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना १९९२ च्या प्रक्षोभक भाषणासाठी २००८ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली. सोळा वर्षांनी का होईना.

२००८ वरून आठवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत राज ठाकरे यांच्या उत्तर भारतीयांविरुद्धच्या वक्तव्यांनंतर नाशिकमध्ये हल्ले झाले आणि औद्योगिक वसाहतींतले कित्येक कामगार मिळेल त्या गाडीनं गावी निघून गेले. वक्तव्यं महिन्याच्या सुरुवातीपासून चालू होती, पण नाशिकमधला भडका त्यांच्या अटकेच्या आसपासचा, म्हणजे १३ फेब्रुवारीच्या मागचा-पुढचा आहे. भाषण, भाषणाला अटक, अटकेनंतर हिंसा. १९०९ चीच साखळी, मधल्या कडीसकट.

सिनॉप्सिसला विषय शोधणाऱ्यानं ते दोन आठवडे घ्यावेत. टीव्ही नाशिकमध्ये, वणीत, पिंपळगावला, येवल्याला तोच दिसत होता आणि पेपरच्या आवृत्त्याही जवळपास त्याच. पक्षाची शाखा मात्र सगळीकडे सारखी नव्हती, आणि परप्रांतीय कामगारही सगळीकडे सारखे नव्हते. आधी ठाण्यांच्या नोंदींतून कुठे काय घडलं याची यादी करा. मग त्याच चिकाटीनं जिथे काहीच घडलं नाही त्या गावांची करा. ही दुसरी यादी करताना जीव कंटाळतो, कारण ‘काही झालं नाही’ याची बातमी कुणी छापत नाही. जुन्या काळावर काम करायचं असेल तर मुंबईच्या पुराभिलेखागारात देशी वर्तमानपत्रांवरचे सरकारी साप्ताहिक अहवाल आहेत. त्यांत पत्राच्या नावापुढे तेव्हाचा खपाचा आकडाही दिलेला असतो, म्हणजे रौलट समितीनं न वापरलेला छेद तिच्याच सरकारच्या दप्तरात पडून होता.